"हे अंतर कुठल्या अणूपासून मोजलंस?" : पायमॉल, पायथन आणि माझी एक चुकलेली आकृती

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. एका पोस्टर सत्रासाठी मी सहा आकृत्या केल्या होत्या. प्रथिन एकच, औषधं सहा, आणि प्रत्येक आकृतीत औषधापासून प्रथिनातल्या एका ठरावीक जागेपर्यंतचं अंतर तुटक रेषेनं दाखवलेलं. दोन रात्री जागून, माउसनं रेणू फिरवत, एकेका अणूवर क्लिक करत केलेलं काम होतं. आकृत्या देखण्या झाल्या होत्या. सहापैकी एका औषधाचं अंतर बाकीच्यांपेक्षा जवळपास एक अँगस्ट्रॉमनं जास्त आलं होतं, म्हणून मी पोस्टरवर निष्कर्षही लिहून टाकला: हे औषध त्या जागेत जरा सैल बसतं.

छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी सरांनी पोस्टर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे अंतर कुठल्या अणूपासून मोजलंस?"

मला सांगता आलं नाही. सेशन फाईल जपून ठेवली नव्हती. हातात फक्त चित्र होतं, आणि चित्रातली रेषा दाट काड्यांच्या गर्दीत कुठंतरी जाऊन टेकत होती. सर रागावले नाहीत, "मग हे वाक्य काढ" म्हणाले. ते जास्त लागलं.

रेणूंची चित्रं काढणारं सॉफ्टवेअर पायथन स्क्रिप्टनं चालवायला मी त्यानंतर शिकले. "स्क्रिप्ट लिहिली की वेळ वाचतो" असं सगळे सांगतात. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी वाचत नाही, उलट जातो. स्क्रिप्टचा खरा उपयोग वेगळा आहे: आपण काय केलं हे सहा महिन्यांनी, दुसऱ्या कुणालाही, अणूच्या नावासकट सांगता येतं. तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल तर ही सवय पहिल्या आकृतीपासून लावून घ्या.

आधी उदाहरण समजून घेऊ

माझं उदाहरण एचआयव्ही विषाणूच्या प्रोटीएज या एन्झाइमचं आहे. हे एन्झाइम दोन अगदी सारख्या साखळ्यांचं बनलेलं असतं. प्रत्येक साखळीत ९९ अमिनो आम्लं. दोन साखळ्या जिथं जुळतात तिथंच कामाची जागा तयार होते. दोन्हीकडून एकेक अॅस्पार्टिक आम्ल, क्रमांक २५, समोरासमोर येतं. औषध याच पोकळीत बसतं आणि औषधाच्या मधोमध असलेला हायड्रॉक्सिल गट या दोन अॅस्पार्टिक आम्लांशी हायड्रोजन बंध करतो. मला मोजायचं होतं ते हेच अंतर.

या एन्झाइमच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत मोफत मिळतात. ही बँक १९७१ साली अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली आणि आज तिथं २ लाखांहून जास्त रचना आहेत. प्रत्येक रचनेला चार अक्षरांचं नाव असतं. इंडिनाव्हिर या औषधासह असलेली रचना १एचएसजी, साक्विनाव्हिरची १एचएक्सबी, रिटोनाव्हिरची १एचएक्सडब्ल्यू, नेल्फिनाव्हिरची १ओएचआर, अँप्रेनाव्हिरची १एचपीव्ही, लोपिनाव्हिरची १एमयूआय. झाली सहा.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळू. अॅस्पार्टिक आम्लं दोन. प्रत्येकाच्या टोकाला ऑक्सिजन दोन, म्हणजे मोजण्याची टोकं चार. शिवाय एक भानगड आहे. एन्झाइमचे दोन्ही अर्धे सारखे असले तरी औषध दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. त्यामुळे स्फटिकातल्या काही रेणूंमध्ये ते एका दिशेनं बसतं आणि काहींमध्ये उलट्या दिशेनं. क्ष-किरणांना सगळ्यांची सरासरी दिसते. म्हणून काही फायलींमध्ये औषधाच्या दोन्ही स्थिती एकावर एक दिलेल्या असतात, त्यांना ए आणि बी अशी खूण असते. पडद्यावर मात्र काड्यांचा एकच गुंता दिसतो. चार गुणिले दोन, आठ अंतरं. मी क्लिक करत होते तेव्हा आठपैकी जो अणू माउसखाली पुढे येईल तो घेत होते.

पायमॉलमधलं "पाय" कशाचं?

पायमॉल हे सॉफ्टवेअर वॉरेन डिलॅनो यांनी २००० साली लोकांसमोर आणलं. २००९ साली त्यांचं अकाली निधन झालं आणि पुढच्या वर्षी श्रोडिंगर कंपनीनं त्याची जबाबदारी घेतली. आजही त्याची एक मुक्त-स्रोत आवृत्ती आहे आणि एक विकतची. नावातलं "पाय" म्हणजे पायथन. पायथन तिथं वरून चिकटवलेलं नाही, सॉफ्टवेअरच्या आतच आहे. तुम्ही मेन्यूतून "हायड्रोजन लपव" निवडता तेव्हा आत एक कमांड चालते, आणि तीच कमांड पायथनमधून सीएमडी नावाच्या मॉड्यूलद्वारे देता येते.

प्रोग्रॅमिंगची भीती वाटत असेल तर इथून सुरुवात करा. फाईल मेन्यूत लॉग फाईल सुरू करण्याची सोय आहे. ती सुरू करा, नेहमीसारखं माउसनं काम करा, मग लॉग फाईल उघडून वाचा. तुमच्या बऱ्याचशा क्लिक तिथं कमांडच्या रूपात ओळीनं लिहिलेल्या सापडतील. माझी पहिली स्क्रिप्ट मी लिहिलीच नव्हती. ती लॉगमधून उचलून, नको त्या ओळी खोडून तयार झाली होती.

तुम्ही कायमेराएक्स वापरत असाल तर तिथंही पायथनच आहे. व्हीएमडी वापरणाऱ्यांच्या हाताला टीसीएल जास्त ओळखीची असते, पण पायथनची सोय तिथंही आहे. नावं बदलतील, खाली सांगितलेली शिस्त बदलणार नाही.

मी या लेखात तयार कोड मुद्दाम चिकटवत नाही. चिकटवलेला कोड लोक वाचत नाहीत, नुसता चालवतात. कमांडची नावं देते, त्यांची मदत-पानं पायमॉलमध्येच "हेल्प" लिहून उघडतात.

स्क्रिप्ट पायरीपायरीनं

पहिली पायरी, यादी. सहा रचनांची नावं पायथनच्या एका लिस्टमध्ये लिहा आणि तिच्यावर लूप चालवा. पुढचं सगळं या लूपच्या आत घडतं. उद्या सातवी रचना आली तर एक शब्द वाढवायचा, बस.

दुसरी, फेच. ही कमांड रचना डेटा बँकेतून उतरवते. पायमॉलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हे काम मागच्या मागे होत राहायचं आणि स्क्रिप्ट पुढे निघून जायची. मग चित्र कोरं यायचं आणि आपण डोकं खाजवत बसायचो. ते थांबवायला "असिंक" नावाचा पर्याय शून्य ठेवावा लागे. पुढे पायथन ३.७ मध्ये हाच शब्द भाषेनं स्वतःसाठी राखून घेतला, त्यामुळे पायमॉलला त्याच्या शेवटी एक अधोरेषा जोडावी लागली आणि इंटरनेटवरच्या कितीतरी जुन्या स्क्रिप्ट मोडल्या. कुणाची स्क्रिप्ट उचलून चालत नसेल तर दर वेळी दोष तुमचाच असतो असं नाही.

तिसरी, दुहेरी स्थितींचा निकाल. पायमॉलच्या सिलेक्शन भाषेत "ऑल्ट" हा शब्द आहे. ज्यांना खूण नाही ते अणू आणि ज्यांची खूण ए आहे ते अणू ठेवायचे, बाकीचे रिमूव्ह करायचे. पण हे करण्याआधी थांबा. तुम्ही इथं एक निर्णय घेताय. ए स्थिती निवडली म्हणजे ती जास्त खरी असं नाही. निर्णय कुठलाही घ्या, सगळ्या रचनांसाठी तोच घ्या आणि तो स्क्रिप्टमध्ये टिप्पणी म्हणून लिहा. मी आता स्क्रिप्ट दोनदा चालवते, एकदा ए ठेवून आणि एकदा बी ठेवून, आणि दोन्ही आकडे तक्त्यात देते.

चौथी, सगळ्या रचना एकमेकींवर बसवणं. यासाठी अलाइन ही कमांड आहे. पहिली रचना स्थिर ठेवून बाकीच्या तिच्यावर आणायच्या. ही कमांड पायथनमध्ये एक नव्हे, सात आकडे परत देते. बहुतेक जण पहिला घेतात, तो आरएमएसडी, म्हणजे दोन रचनांमधला सरासरी फरक. गंमत अशी की नेहमीच्या सेटिंगमध्ये अलाइन जे अणू नीट जुळत नाहीत ते पाच फेऱ्यांमध्ये गाळत जाते आणि उरलेल्यांचा आरएमएसडी सांगते. म्हणजे वर्गातली नापास मुलं वगळून काढलेली सरासरी. दुसरा आकडा किती अणू उरले ते सांगतो. हे दोन आकडे नेहमी जोडीनं लिहा. गाळणी नकोच असेल तर "सायकल्स" शून्य करा.

पाचवी, दृश्य. एका रचनेत माउसनं हवा तो कोन जमवा आणि गेट-व्ह्यू कमांड द्या. ती १८ आकडे देईल. ते स्क्रिप्टमध्ये चिकटवा आणि प्रत्येक चित्राआधी सेट-व्ह्यूला द्या. सहाही आकृत्यांत कॅमेरा केसभरही हलणार नाही. माझ्या हातानं केलेल्या आकृत्यांत प्रत्येक रेणू थोडा वेगळा वळलेला होता, आणि वळलेला रेणू डोळ्याला फसवतो. जवळचं लांब दिसतं.

सहावी, मोजणी. इथं दोन कमांड आहेत आणि त्यांत फरक आहे. डिस्टन्स ही रेषा काढते. तिला दोन्ही बाजूंना अनेक अणू दिले तर ती तक्रार करत नाही, जोड्या जोडते आणि सरासरी परत देते. गेट-डिस्टन्सला मात्र दोन्ही बाजूंना नेमका एकच अणू लागतो, नाहीतर ती त्रुटी देऊन थांबते. आकड्यासाठी नेहमी दुसरी वापरा. चुकल्यावर ओरडणारं साधन हे गप्प बसणाऱ्या साधनापेक्षा केव्हाही बरं.

औषधातला हायड्रॉक्सिल ऑक्सिजन प्रत्येक फायलीत वेगळ्या नावाचा असतो. ते नाव प्रत्येक औषधासाठी डेटा बँकेच्या पानावर बघून हातानंच टिपावं लागतं. सहा नावं, अर्धा तास. ही पायरी आपोआप होत नाही आणि करूही नये.

स्क्रिप्टही चुकते, आणि सहाही वेळा चुकते

हातानं काम करताना एका आकृतीत चूक होते. स्क्रिप्टमध्ये चूक असेल तर ती प्रत्येक आकृतीत होते, आणि सगळीकडे सारखी असल्यामुळे संशयही येत नाही. तीन सापळे सांगते.

पहिला सापळा पाण्याचा. जवळपास प्रत्येक उचललेल्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच "सगळं पाणी काढून टाक" अशी ओळ असते. चित्र स्वच्छ दिसतं म्हणून. पण या एन्झाइममध्ये पाण्याचा एक रेणू औषध आणि वरच्या दोन झडपांच्या मध्ये पुलासारखा बसलेला असतो. १एचएसजी रचनेत त्याचा क्रमांक ३०८ आहे. तो काढला की औषध कशानं धरलंय यातला एक धागाच चित्रातून गेला. बरं, "३०८ ठेव" असं लिहूनही भागत नाही, कारण दुसऱ्या फायलीत त्याच जागचं पाणी वेगळ्या क्रमांकाचं असतं. मग ओळख क्रमांकानं नाही, जागेवरून करायची: दोन्ही साखळ्यांच्या ५० क्रमांकाच्या आयसोल्युसिनमधल्या नायट्रोजनपासून ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत असलेलं पाणी ठेव. पायमॉलची सिलेक्शन भाषा हे एका ओळीत सांगू देते.

दुसरा सापळा क्रमांकांचा. काही फायलींत दोन्ही साखळ्या १ ते ९९ असतात, तर काहींत दुसरी साखळी १०१ ते १९९ अशी मोजलेली असते. तिथं "क्रमांक २५" मागितला तर एकच अॅस्पार्टिक आम्ल मिळतं. दुसरं १२५ या नावानं शेजारी बसलेलं असतं. स्क्रिप्ट हूं की चूं न करता पुढे जाते.

तिसरा सापळा अर्ध्या रेणूचा. औषधाशिवायचं प्रोटीएज तुलनेसाठी हवं म्हणून १एचएचपी उतरवून बघा. पडद्यावर एकच साखळी येते, म्हणजे एन्झाइम अर्धंच. फाईल चुकीची नाही. स्फटिकाच्या सममितीतून दुसरा अर्धा तयार करता येतो, म्हणून फायलीत एकच साखळी दिली आहे. पूर्ण एन्झाइम हवं तर फेचला जैविक असेंब्लीचा प्रकार सांगून मागावं लागतं.

या तिन्हींवर उपाय एकच आहे, आणि या लेखातून एकच गोष्ट घेऊन जाणार असाल तर ही घ्या. प्रत्येक सिलेक्शननंतर मोजा. काउंट-अॅटम्स ही कमांड सिलेक्शनमध्ये किती अणू आले ते सांगते. कामाच्या जागेतल्या अॅस्पार्टिक आम्लांचे अल्फा कार्बन दोनच असायला हवेत. पुलाचं पाणी एकच असायला हवं. औषधाचा निवडलेला ऑक्सिजन एकच असायला हवा. पायथनच्या असर्ट ओळीनं ही अपेक्षा लिहून टाका: दोन नसतील तर रचनेचं नाव सांगून थांब. माझी स्क्रिप्ट पहिल्याच फेरीत एका रचनेवर थांबली होती. मी चिडले, आणि मग लक्षात आलं की माउसनं काम करताना हीच गोष्ट मला कुणीच सांगितली नसती.

चित्र आणि त्याचा दाखला

शेवटी चित्र. जर्नलच्या एका स्तंभाची रुंदी ८.५ सेंटिमीटर धरली आणि ३०० डीपीआय हवं असेल, तर ८.५ भागिले २.५४ गुणिले ३००, म्हणजे साधारण १००४ पिक्सेल. हा हिशोब स्क्रिप्टमध्येच ठेवा. मग रे कमांडला तेवढी रुंदी द्या आणि पीएनजी कमांडनं फाईल लिहा, नावात रचनेचं नाव घाला. सगळं झालं की टर्मिनलमधून पायमॉल खिडकी न उघडता चालवता येतं. सी हा पर्याय खिडकी बंद ठेवतो, क्यू पर्याय सुरुवातीची बडबड. चहा होईपर्यंत चित्रं तयार.

त्याच लूपमध्ये एक सीएसव्ही फाईलही लिहा: रचनेचं नाव, औषधाची स्थिती, साखळी, अणूचं नाव, अंतर, अलाइनचे दोन आकडे, पायमॉलची आवृत्ती. ही फाईल चित्रापेक्षा महत्त्वाची आहे. स्क्रिप्ट आणि ही फाईल गिटमध्ये ठेवा. गिट येत नसेल तर निदान तारीख घालून स्वतःला ईमेल करा.

एक काम मात्र स्क्रिप्टवर सोडू नका, ते म्हणजे बघणं. सगळी चित्रं शेजारी शेजारी लावून नीट बघा. एखाद्या ठिकाणी काहीतरी खटकतंय असं वाटलं तर पायमॉल उघडून रेणू हातानं फिरवा. माउस वाईट नाही. माउसनं शोधायचं, स्क्रिप्टनं नोंदवायचं.

माझ्या पोस्टरचं काय झालं?

त्या रात्री माझी ओबडधोबड स्क्रिप्ट कशीबशी चालली. पहाटे सीएसव्ही उघडली. ज्या औषधाला मी "सैल" ठरवलं होतं त्याच्यासमोर ए आणि बी धरून आठ ओळी होत्या, आणि पोस्टरवरचा माझा आकडा त्यातल्या एका ओळीशी दशांशासकट जुळला. बाकी पाच औषधांत मी जवळचा ऑक्सिजन घेतला होता. इथं मात्र औषधाची बी स्थिती आणि अॅस्पार्टिक आम्लाचा लांबचा ऑक्सिजन माझ्या माउसखाली आला होता. सगळीकडे सर्वांत जवळची जोडी घेतल्यावर सहा औषधांमध्ये जो फरक उरला तो इतका लहान होता की २ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रिझोल्यूशनवर त्याबद्दल बोलणं धाडसाचं ठरलं असतं.

म्हणजे माझा निष्कर्ष हा औषधाचा गुणधर्म नव्हता, माझ्या क्लिकचा होता.

वाक्य काढलं. त्या जागी आठही अंतरांचा छोटा तक्ता टाकला. पोस्टर आधीपेक्षा कमी आकर्षक झालं, हे मान्य. सत्रात एका परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "यातली ए स्थिती का निवडली?" या वेळी उत्तर माझ्याकडे होतं.

तुमच्यासाठी गृहपाठ छोटाच आहे. १एचएसजी उतरवा. पुलाचं पाणी क्रमांक न वापरता, जागेवरून निवडा आणि ते एकच आलंय का ते मोजा. मग तीच ओळ बाकीच्या पाच रचनांवर चालवा. कुठं एक येत नाही, आणि का, हे शोधताना जे शिकाल ते कुठल्याही लेखातून शिकता येत नाही. अडलात तर खाली लिहा, फक्त कुठल्या ओळीवर थांबलात ते नक्की सांगा.